पाठ : सार्वजनिक मार्ग, फलक आणि अडथळे

श्रावण जवळ आला म्हणजे आमच्या मंडळाच्या रविवारच्या अभ्यासवर्गात रुद्राचा अर्थ, शिवमहिम्न अथवा एखाद्या व्रताचे माहात्म्य यांपैकी काही शिकविण्याचा प्रघात आहे. यंदाचा पाठ आमच्याकडे आला, तेव्हा कोणता विषय घ्यावा असे आम्ही तीर्थरूप अप्पांस विचारले. ते देवघरात सहाण धूत होते. मागे न पाहताच म्हणाले, “या खेपेला रस्ता शिकव.”

आम्हास त्यांच्या बोलण्याचे कारण कळले, आणि वाचकांसही ते सांगणे प्राप्त आहे. आमच्या घराच्या दाराशी आजोबांच्या वेळेपासून एक लाकडी पाटी होती. भिंतीला सपाट टेकलेली, काळ्या रंगावर पांढरी अक्षरे. अभिषेक, लघुरुद्र, पितृकार्य येथे होईल, एवढाच मजकूर. गेल्या श्रावणापूर्वी ती पाटी आम्हास जुनाट वाटू लागली. आम्ही हौसेने लोखंडी चौकटीचा, आतून दिवा लागणारा नवा फलक करविला आणि दोन्ही बाजूंनी येणाऱ्यास वाचता यावा म्हणून तो भिंतीपासून आडवा, गल्लीत डोकावेल असा बसविला. दुसऱ्या सोमवारी सवारीच्या गर्दीत मराठवाड्याकडच्या एक वृद्ध बाई डोईवर बोचके घेऊन त्या गल्लीतून येत होत्या. मागून लोटालोट झाली, बोचके फलकाच्या कोपऱ्यास अडकले आणि बाई आमच्याच ओट्याच्या कडेवर पडल्या. त्यांचे मनगट मोडले. अप्पांनी त्यांस दवाखान्यात नेले, प्लॅस्टर होईपर्यंत तेथे बसले, आणि रात्री घरी आल्यावर आम्हास काहीही न बोलता पाना आणि शिडी आणावयास सांगितले. फलक त्याच रात्री उतरला. तेव्हापासून या विषयासंबंधी जे काही वाचनात आले व विचारून कळले, ते आम्ही येथे मांडीत आहोत. आमचे शिक्षण शालान्त परीक्षेपर्यंतचेच आहे. कायद्याचा अंतिम अर्थ वकिलाने सांगावा. आम्ही फक्त वाट दाखवितो.

प्रथम आपल्या शास्त्रांकडे वळू. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात वाट कोणास द्यावी याची एक नामावळी आहे. गाडीत बसून जाणारा, नव्वदी ओलांडलेला, रोगी, ओझे वाहणारा, स्त्री, गुरुगृहाहून नुकताच परतलेला स्नातक, राजा आणि विवाहास निघालेला वर, या सर्वांस समोरच्याने बाजूस होऊन वाट द्यावी, असे तेथे सांगितले आहे. या नामावळीत राजा आहे खरा. परंतु त्याच्याबरोबरीने, किंबहुना त्याच्या आधी, म्हातारा, आजारी आणि ओझेवाला आहेत, हे आमच्या लक्षात पूर्वी कधी आले नव्हते. डोईवर बोचके घेतलेली सत्तरी उलटलेली बाई या यादीत एकदा नव्हे, दोनदा बसते. आम्ही तिला वाट देण्याऐवजी तिच्या वाटेत लोखंड टांगले होते.

त्याच ग्रंथाच्या नवव्या अध्यायात राजमार्गावर घाण करणाऱ्यास दोन कार्षापण दंड सांगितला असून ती घाण त्यानेच काढावी असे म्हटले आहे. मात्र संकटात सापडलेला, वृद्ध, गर्भवती व बालक यांस दंड नाही. त्यांना नुसते समजावून जागा स्वच्छ करवून घ्यावी. नियम कडक ठेवूनही असहायाला सूट देणे, हा विवेक आजच्या कायद्यातही कोठे कोठे दिसतो. त्याचा उल्लेख पुढे येईल.

कौटिल्याने तर रस्ता अडविण्याच्या दंडाची चढती भाजणीच लावली आहे. माणसे व लहान जनावरे जातात ती वाट अडविल्यास १२ पण, मोठ्या जनावरांची वाट अडविल्यास २४ पण, आणि असे वाढत वाढत राष्ट्रातील मोठ्या मार्गापर्यंत दंड १,००० पणांवर जातो. (पण म्हणजे त्या काळचे चांदीचे नाणे.) स्मशानाकडे जाणारी वाटही त्याने विसरलेली नाही, तिचा दंड २०० पण. रस्त्यात माती टाकणे, चिखलपाणी तुंबविणे यांसही लहान लहान दंड आहेत, आणि तोच अपराध राजमार्गावर केला तर दुप्पट. देवालय, पाणवठा अशा ठिकाणी घाण करणाऱ्यास अधिक भरावे लागे. देवळाजवळचा रस्ता म्हणून कोणास सवलत मिळत नसे, उलट तेथे जबाबदारी वाढत असे, ही गोष्ट आमच्यासारख्या देवळाच्या सावलीत राहणाऱ्यांनी ध्यानात घेण्याजोगी आहे.

आता एक गोष्ट आपल्या उज्जैनचीच. शूद्रकाचे ‘मृच्छकटिक’ हे नाटक आपल्या याच नगरीत घडते. मराठी रसिकांस ते गोविंद बल्लाळ देवलांच्या संगीत नाटकामुळे परिचित आहे. त्यातील वसंतसेनेवर ओढवलेला अनर्थ कशाने ओढवला, असे वर्गातील मुलांस विचारले असता सर्वांनी शकाराचे नाव घेतले. शकार दुष्ट खराच. परंतु सहावा अंक नीट वाचावा. चारुदत्ताचा गाडीवान वर्धमानक वसंतसेनेस उद्यानात नेण्यासाठी गाडी आणतो, पण गाडीतील आसनावरचे आच्छादन विसरल्यामुळे ते आणण्यास परत जातो. इतक्यात शकाराचा गाडीवान स्थावरक आपली गाडी घेऊन त्याच रस्त्याने येतो. पुढे पाहतो तो खेड्यापाड्यांतून आलेल्या गाड्यांनी रस्ता अडलेला. तो राजाच्या मेहुण्याचे नाव घेऊन ओरडतो, पण गर्दी हटत नाही. अखेर त्याला आपली गाडी चारुदत्ताच्या बागेच्या दाराशी उभी करावी लागते, आणि एका गाडीवानाचे चाक अडकलेले पाहून तो मदतीस उतरतो. वसंतसेना बाहेर येते, उभी असलेली गाडी आपलीच समजून तीत बसते, आणि शत्रूच्या हाती पडते. त्यातून पुढे तिचा गळा दाबला जातो, चारुदत्तावर खुनाचा आळ येतो व त्यास वधस्थानापर्यंत नेले जाते. रस्ता मोकळा असता तर स्थावरकाची गाडी त्या दाराशी थांबलीच नसती. गाड्या अडवून उभ्या करणाऱ्या त्या खेडुतांपैकी कोणाच्याही मनात वसंतसेनेचे वाईट करावे असे नव्हते. त्यांना तिचे नावही ठाऊक नव्हते. रस्त्यातील अडथळ्याचे बहुधा असेच असते. करणारा एक, भोगणारा भलताच, आणि दोघांची ओळखही नसते.

आता सांप्रतच्या कायद्याकडे येऊ.

आपल्या नगरातील रस्त्यांचा कारभार १९५६ च्या मध्य प्रदेश नगरपालिक निगम अधिनियमाखाली नगर निगमाकडे आहे. सार्वजनिक मार्गावर पुढे येणारी पायरी, ओटा, पत्रा, टपरी, फळी अथवा दुसरी कोणतीही रचना परवानगीवाचून उभी करता येत नाही, आणि केली तर ती काढून टाकण्याचा अधिकार निगमास आहे, हे या विषयातील मूळ सूत्र होय. मार्ग म्हणजे केवळ डांबराचा पट्टा असा आपला समज असतो. कायद्याच्या दृष्टीने पदपथ, बोळ, गल्ली, चौक हे सारे मार्गच. आपल्या दारापुढील गटारावर फरशी टाकून तिच्यावर ओटा बांधला, म्हणजे ती जागा आपली होत नाही. पिढ्यान्‌पिढ्या तेथे बसून आपण ती आपली मानू लागतो, एवढेच.

याखेरीज फौजदारी कायदाही आहे. सार्वजनिक मार्गावर कोणास धोका, अडथळा अथवा इजा होईल असे कृत्य करणे, किंवा आपल्या ताब्यातील वस्तूची योग्य व्यवस्था न ठेवल्यामुळे तसे होऊ देणे, हा १८६० च्या भारतीय दंड संहितेच्या कलम २८३ अन्वये अपराध होता व त्यास २०० रुपयांपर्यंत दंड होता. २०० रुपये ही रक्कम १८६० साली जरब बसविणारी होती. अलीकडे तेवढ्यात एका कुटुंबाचा चहाफराळही नीट होत नसे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता अमलात आली. तिच्या कलम २८५ मध्ये तोच अपराध असून दंडाची मर्यादा ५,००० रुपये झाली आहे. या कलमातील “व्यवस्था न ठेवल्यामुळे” हा भाग आम्ही वर्गात दोनदा वाचून दाखविला. हेतू वाईट असलाच पाहिजे असे नाही. आमचा हेतू यात्रेकरूस घर सापडावे, हाच होता.

आणि एखाद्याने अडथळा केला व तो काढीत नसेल, तर सामान्य नागरिकाने काय करावे? निगमाकडे लेखी तक्रार हा एक मार्ग. दुसरा मार्ग कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडे जाण्याचा. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम १३३ होते; तेच आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम १५२ झाले आहे. दंडाधिकारी प्रथम सशर्त आदेश काढतो : अमुक मुदतीत अडथळा काढा, अथवा येऊन आपले म्हणणे मांडा. समोरच्यास बोलण्याची संधी मिळते, हे यातले चांगले.

या कलमाचे देशभर नावाजलेले प्रकरण आपल्या शेजारच्या रतलामचे आहे. तेथील एका वस्तीतील रहिवासी उघडी गटारे, दुर्गंधी व रस्त्यावरील घाण यांनी त्रस्त होऊन दंडाधिकाऱ्याकडे गेले. दंडाधिकाऱ्याने नगरपालिकेस उपाययोजना करण्याचा आदेश दिला. नगरपालिका सर्वोच्च न्यायालयापर्यंत भांडत गेली आणि पैसा नाही, ही सबब तिने पुढे केली. २९ जुलै १९८० रोजी न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांच्या निकालाने ती सबब फेटाळली गेली. नागरिकांच्या आरोग्याचे प्राथमिक कर्तव्य तिजोरी रिकामी असल्याचे सांगून टाळता येत नाही, असे ठरले. रतलामच्या त्या रहिवाशांजवळ अर्जाखेरीज दुसरे साधन नव्हते, आणि त्या अर्जाचा दाखला आज देशातील सर्व न्यायालयांत दिला जातो. आपल्याकडे “अर्जाने काय होते?” असे म्हणणारे पुष्कळ आहेत, म्हणून हे थोडे विस्ताराने लिहिले.

फलकांचा प्रश्न थोडा निराळा आहे. फलक जमिनीवर जागा अडवीत नाही, म्हणून तो निरुपद्रवी वाटतो. परंतु माथ्यावरची जागाही रस्त्याचाच भाग आहे. इंडियन रोड्स काँग्रेस ही संस्था रस्त्यांची मानके ठरविते. तिच्या पादचाऱ्यांविषयीच्या मानकाप्रमाणे पदपथाची मोकळी रुंदी निदान १.८ मीटर व मोकळी उंची निदान २.२ मीटर असावी. २.२ मीटर म्हणजे सुमारे सव्वासात फूट. आमच्या फलकाची खालची कड आम्ही नंतर मोजली. ती साडेपाच फुटांवर होती. मोजपट्टी घरात होती, पण आधी मोजावे हे सुचले नाही. आपल्या महाकाळ परिसरातील जुन्या गल्ल्यांत निराळा पदपथ असा नाहीच. अशा गल्लीत सारी गल्ली हाच पदपथ, असे धरून चालले पाहिजे. डोईवर ओझे, खांद्यावर मूल, हातात काठी, चाकाची खुर्ची आणि चार खांदेकऱ्यांची तिरडी, हे सर्व त्याच सहा-सात फुटांतून जावयाचे असते.

परदेशातही हाच अनुभव. प्राचीन रोममध्ये ज्यूलियस सीझरच्या काळच्या नियमांनी दिवसा नगरात मालाच्या गाड्या आणण्यास बंदी होती. देवालयांच्या बांधकामाचे सामान वाहणाऱ्या गाड्यांस मात्र मोकळीक होती. पुढे सम्राट डोमिशियनने दुकानदारांस आपापल्या उंबरठ्याच्या आत राहण्याचा हुकूम केला, कारण दुकाने पुढे सरकून रस्त्याची पाऊलवाट झाली होती. लंडनमध्ये तर दुकानांच्या लोखंडी चौकटीतील अवजड पाट्या रस्त्यावर लोंबत असत. १७१८ साली अशाच एका पाटीच्या भाराने घराची दर्शनी भिंत कोसळून चौघे मेले. तरीही अठराव्या शतकाच्या सातव्या दशकात कायदे होईपर्यंत त्या पाट्या लोंबतच राहिल्या. मग त्या भिंतीस सपाट लावण्याची सक्ती झाली आणि घरांस क्रमांक देण्याची रीत पसरली. आमच्या आजोबांची पाटी सपाट होती. त्यांनी लंडनचा कायदा वाचला नव्हता.

अधिक जवळचे उदाहरण मुंबईचे. १३ मे २०२४ रोजी घाटकोपर येथे वादळात एक अजस्र जाहिरात फलक पेट्रोल पंपावर कोसळला व १७ माणसे दगावली. तो फलक १२० फूट लांब व तितकाच रुंद होता. महापालिका ४० फुटांवर फलकास परवानगी देत नाही. पुण्यातही ५ ऑक्टोबर २०१८ रोजी रेल्वे स्थानकाजवळच्या चौकात फलकाचा लोखंडी सांगाडा उतरविताना तो रस्त्यावर पडून चौघांचा बळी गेला होता. मध्य प्रदेशात अशा जाहिरात फलकांसाठी २०१७ चे आउटडोअर विज्ञापन मीडिया नियम आहेत, व त्यांखाली परवानगी घ्यावी लागते. दुसऱ्याच्या भिंतीवर, खांबावर वा कुंपणावर मालकाच्या लेखी संमतीवाचून रंगाने लिहिणे किंवा कागद चिकटविणे यास १९९४ चा संपत्ती विरूपण निवारण अधिनियम आडवा येतो. त्यात १,००० रुपयांपर्यंत दंड आहे. निवडणुकीच्या दिवसांत या अधिनियमाची सर्वांस आठवण होते, एरवी होत नाही. उत्सवाची पत्रके विजेच्या खांबांवर डकविणाऱ्या आमच्या तरुण मित्रांनी हे वाचून ठेवावे.

फलकावर काय असावे, हा वादही उज्जैनशी निगडित झाला होता. कावड यात्रेच्या मार्गावरील खाद्यपदार्थांच्या दुकानदारांनी मालकांची नावे लावावीत, असे आदेश उत्तरेकडील राज्यांत निघाले असता २२ जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांस अंतरिम स्थगिती दिली : पदार्थ कोणते विकता ते लिहावयास सांगता येईल, मालकाचे नाव लिहिण्याची सक्ती करता येणार नाही. त्या सुनावणीत उज्जैनमधील नावाच्या फलकांचाही उल्लेख झाला होता. आमचा विषय फलकाच्या मजकुराचा नसून त्याच्या लांबीरुंदीचा आहे; म्हणून येथे थांबतो.

आता रस्त्यावर बसून हारफुले, बेलपत्र, भस्म, रुद्राक्ष विकणाऱ्यांविषयी. अडथळा म्हटला की, पहिले बोट त्यांच्याकडे जाते. आमच्या वर्गातही तसेच झाले. परंतु येथे कायदा आपल्या कल्पनेहून अधिक दयाळू आहे. सर्वोच्च न्यायालयाने ३० ऑगस्ट १९८९ रोजी सोदान सिंह यांच्या प्रकरणात असे ठरविले की, रस्त्याच्या कडेस विक्री करणे हा योग्य नियंत्रणाखाली व्यवसायस्वातंत्र्याचाच भाग आहे. मात्र अमुकच जागा कायमची माझी, असे कोणास म्हणता येणार नाही. पुढे २०१४ साली पथविक्रेत्यांचा केंद्रीय कायदा झाला. त्याप्रमाणे प्रत्येक नगरात विक्रेत्यांचे सर्वेक्षण होऊन त्यांस प्रमाणपत्र मिळावयाचे असते. सर्वेक्षण पुरे होईपर्यंत कोणास उठविता येत नाही. आणि हलवावयाचे झाल्यास ३० दिवसांची नोटीस द्यावी लागते. नगर पथविक्रय समितीत निदान ४० टक्के सभासद विक्रेत्यांनी स्वतः निवडून दिलेले असतात, व त्यांत एक-तृतीयांश स्त्रिया असाव्या लागतात.

त्यातील एक तरतूद आम्हास फार आवडली. माल जप्त केला तर त्याची यादी विक्रेत्यास दिली पाहिजे; टिकाऊ माल मागणी केल्यापासून दोन कामाच्या दिवसांत, आणि नाशवंत माल त्याच दिवशी परत केला पाहिजे. झेंडूची टोपली सायंकाळपर्यंत कोमेजते, हे कायदा करणाऱ्याने ओळखले. गर्भवतीस व वृद्धास दंड नको म्हणणाऱ्या जुन्या स्मृतिकाराची येथे आठवण होते. आमच्या गल्लीच्या तोंडाशी बसणाऱ्या बेलवाल्या मावशीस या तरतुदीविषयी विचारले, तर तिला ती ठाऊक नव्हती. आता ती सर्वांस सांगते, आणि कदाचित थोडी वाढवूनही सांगते.

मावशीची टोपली दीड फूट जागा घेते व सायंकाळी तिच्याबरोबर उठून जाते. आमचे ओटे उठून जात नाहीत.

यावरून ओघानेच तो प्रश्न येतो, जो वर्गात कोणी विचारीत नव्हते व सर्वांच्या मनात होता : देवाच्या नावाने जे रस्त्यात उभे राहते त्याचे काय? त्यासंबंधी सर्वोच्च न्यायालयाचा २९ सप्टेंबर २००९ चा आदेश स्पष्ट आहे. सार्वजनिक रस्ते, उद्याने व इतर सार्वजनिक जागा यांवर मंदिर, मशीद, चर्च, गुरुद्वारा अशा कोणत्याही नावाने नवीन अनधिकृत बांधकाम होऊ देऊ नये. जी आधीची आहेत त्यांचा राज्यांनी एकेका प्रकरणानुसार विचार करावा. १८ जानेवारी २०१३ रोजी रस्त्यांतील नव्या पुतळ्यांसही अशीच मनाई झाली. २०२८ च्या सिंहस्थाकडे दृष्टी ठेवून आपल्या नगरात रस्ते रुंद करण्याचे काम हाती घेण्यात आले. २०२४ मध्ये के. डी. गेट ते इमली तिराहा या मार्गावर आड येणारी दोन्ही समाजांची काही धर्मस्थाने तेथील लोकांच्या संमतीने हलविण्यात आली. आम्ही तो रस्ता पाहिला आहे. मूर्ती हलविताना कोणाचे डोळे कोरडे नव्हते, असे तेथील एका वृद्धांनी आम्हास सांगितले. संमती देणे म्हणजे दुःख न होणे, असा अर्थ कोणी करू नये. ज्यांची घरे पुढून कापली गेली त्यांचेही दुःख खरे आहे, आणि मोबदल्याचा त्यांचा हक्कही खरा आहे.

परंतु आपल्या नित्याच्या व्यवहारात अडथळा बहुधा पक्क्या बांधकामाने होत नाही. तो होतो चार दिवसांच्या कमानीने, स्वागताच्या मंचाने, फराळवाटपाच्या टेबलांनी आणि फ्लेक्सच्या कापडाने. सवारीचा मार्ग डोळ्यांपुढे आणावा. सोमवारी दुपारी ४ वाजता पालखी महाकाळ मंदिरातून निघते. गुदरी, बक्षी बाजार, कहारवाडी करीत रामघाटास जाते. तेथे क्षिप्रेच्या जलाने पूजन झाल्यावर रामानुजकोट, कार्तिक चौक, ढाबा रोड, छत्री चौक, बायजाबाई शिंदे यांनी बांधविलेले गोपाळ मंदिर, पटणी बाजार असा फेरा करून परत येते. (उत्तरेकडचा श्रावण आपल्या श्रावणाच्या पंधरा दिवस आधी लागतो, सवारी मात्र त्यांच्या भाद्रपदातील कृष्णपक्षात, म्हणजे आपल्या श्रावण वद्यातही निघते, त्यामुळे आपल्या लोकांचे सोमवार चुकत नाहीत.) हा मार्ग किती अरुंद आहे हे येथे राहणाऱ्यास सांगणे नको. ऑक्टोबर २०२२ मध्ये महाकाल लोकाचा पहिला टप्पा खुला झाल्यापासून येणाऱ्यांची संख्या पुष्कळ वाढली. पटणी बाजारातील घरे मात्र होती तेथेच आहेत. अशा ठिकाणी दोन बाजूंनी दोन-दोन फुटांचे स्वागतमंच आले, की मधून जाणाऱ्यांचा श्वास कोंडतो. गर्दीत माणूस अडथळ्याला चुकवू शकत नाही, कारण त्याच्या पावलांवर त्याची सत्ता राहिलेली नसते.

आणि त्या मंचांपैकी एक आपल्या मंडळाचा असतो. हे लिहावे की न लिहावे, याचा आम्ही दोन दिवस विचार केला. मंडळाची कमान गेली अनेक वर्षे आमच्या गल्लीच्या तोंडाशी उभी राहते. तिचे खांब गल्लीच्या आत येतात. कमानीस पानाफुलांची शोभा असते, वर मंडळाचे नाव असते, आणि खांब बांधण्यास सर्वांत आधी धावणाऱ्यांत आम्हीच असतो. गेल्या वर्षी त्या बाईंस घेऊन अप्पा निघाले, तेव्हा दवाखान्याची गाडी त्या कमानीबाहेर उभी राहिली. बाईंना खुर्चीत बसवून तेथपर्यंत उचलून न्यावे लागले. फलक आमच्या घरचा होता, कमान आपणा सर्वांची होती.

कोणी म्हणेल, परंपरा आहे. सवारी परंपरा आहे, हे आम्हास मान्य. कमान वीसेक वर्षांची आहे, आणि तिच्यावरचे फ्लेक्स तर त्याहून अलीकडचे. कोणी म्हणेल, देवाच्या स्वागतास अडथळा कसे म्हणता? पालखीस वाट लागते, हे त्याचे उत्तर. वाट करण्यासाठी सोमवारी पोलीस ज्या वस्तू हलवितात, त्या बहुतेक भक्तांनीच ठेवलेल्या असतात.

परवानगीविषयी दोन शब्द सांगून संपवितो. रस्त्यावर मंडप, कमान अथवा मंच उभारावयाचा असेल तर नगर निगमाची लेखी परवानगी आधी घ्यावी, आणि मिरवणुकीच्या मार्गावर असेल तर स्थानिक पोलीस ठाण्याचीही संमती घ्यावी. अर्जासोबत जागेचा साधा नकाशा जोडावा व त्यात रस्त्याची रुंदी, आपली रचना किती जागा घेते आणि उरणारी वाट किती, हे तीन आकडे लिहावेत. तिसरा आकडा लिहिताना बहुतेकांची लेखणी अडते, असा आमचा या आठवड्याचा अनुभव आहे. उतरविण्याची तारीखही अर्जातच घालावी. चढविण्यास पुष्कळ हात मिळतात, उतरविण्यास मिळत नाहीत, आणि बांबूंचे खड्डे तसेच राहून त्यांत पावसाचे पाणी साचते.

रविवारी वर्ग संपल्यावर दहा-बारा मुलांसह आम्ही फीत घेऊन गल्लीच्या तोंडाशी गेलो. गल्ली तेथे ७ फूट ४ इंच भरली. कमानीचे दोन खांब व त्यांचे ताण धरून अडीच फूट जातात. उरतात ४ फूट १० इंच. मानकातील १.८ मीटर म्हणजे ५ फूट ११ इंच होतात. मुलांनी दोनदा मोजले, कारण पहिल्या खेपेस त्यांना विश्वास वाटला नाही. येत्या एकादशीस मंडळाची बैठक आहे. खांबांवाचून, दोन्ही बाजूंच्या भिंतींवरील कड्यांस घरमालकांच्या लेखी संमतीने दोर बांधून, सव्वासात फुटांहून उंच नुसते पानाफुलांचे तोरण लावावे, अशी सूचना आम्ही तेथे मांडणार आहोत. तिला अनुमोदक अद्याप मिळालेला नाही. घरी आजोबांची पाटी माळ्यावरून काढली आहे. अक्षरांचा पांढरा रंग उडाला होता, तो अप्पा स्वतः भरीत आहेत.